रूट केलेल्या फोनवर पिक्सेलची राखीव अ‍ॅप्स कशी चालवायची

गूगलचा पिक्सेल सोडून दुसऱ्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये गूगलचा रेकॉर्डर (आवाज नोंदवणारं अ‍ॅप) उघडून पाहिलात, तर ‘हे अ‍ॅप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. फोन रूट केलेला असला, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण अधिकार मिळवलेला असला, की हात आपोआप फोनची ओळख नोंदवणाऱ्या बिल्ड.प्रॉप फाइलकडे जातो: मॉडेलचं नाव बदलायचं, फोन रीस्टार्ट करायचा आणि अ‍ॅप टाकायचं. अँड्रॉइड ४ च्या काळात हे बऱ्याचदा चालून जायचं. आज त्याच उपायाने कॅमेरा बिघडतो, अपडेट अडतात, कधी फोन लोगोवरच थांबतो, आणि एवढं करून अ‍ॅप उघडेलच असंही नाही.

याचं कारण असं की ‘राखीव’ या शब्दामागे पाच वेगळी कुलपं असतात. प्रत्येकाची किल्ली वेगळी. कुलूप कोणतं आहे ते न बघता सगळ्या फोनची ओळख बदलणं म्हणजे एका दारासाठी घराची भिंत पाडणं. या लेखाचा निम्मा भर म्हणूनच कुलूप ओळखण्यावर आहे.

फोनचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) अनलॉक आहे आणि मॅजिस्क या रूट देणाऱ्या साधनाने रूट झालेलं आहे असं धरलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहा. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. टिंब, तिरकी रेघ, अंडरस्कोर आणि हायफन जसेच्या तसे ठेवायचे.

१. हे सगळं करायची गरज आहे का?

आधी हे पाहा, कारण बरेच जण इथेच सुटतात. गूगल फोटोजमधलं, फोटोतली नको ती वस्तू पुसणारं मॅजिक इरेजर २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते जुन्या पिक्सेलना आणि गूगल वनच्या सदस्यांना मिळालं, आणि मे २०२४ पासून सगळ्यांना खुलं झालं. त्यासाठी लिहिलेली जुनी मॉड्यूल्स (मॅजिस्कमधून सिस्टीमवर बसवायचे छोटे बदल) आजही लोक फोनवर टाकतात आणि फुकट अडचणीत येतात.

गूगल कॅमेऱ्याच्या जीकॅम पोर्टना, म्हणजे इतर फोनसाठी बदलून बनवलेल्या आवृत्त्यांना, बहुतेक नव्या फोनवर रूट लागतच नाही. फोनचा कॅमेरा२ एपीआय (अ‍ॅपना कॅमेरा वापरू देणारी अँड्रॉइडची सोय) ‘फुल’ किंवा ‘लेव्हल ३’ दर्जाचा असला की पुरतं. काही जुन्या क्वालकॉम फोनवर तो बंद ठेवलेला असतो, तिथे पर्सिस्ट.कॅमेरा.एचएएल३.एनेबल्ड या प्रॉपर्टीची, म्हणजे सिस्टीममधल्या नोंदीची, किंमत १ करावी लागते (एचएएल३ मोठ्या अक्षरांत). आजूबाजूला वाजणारं गाणं ओळखणारं ‘नाऊ प्लेइंग’ हवं असेल तर अँबियंट म्युझिक मॉड हे अ‍ॅप नव्या अँड्रॉइडवर शिझुकू या वाढीव अधिकार देणाऱ्या साधनाच्या आधाराने, रूटशिवाय ते काम करतं.

रूट करून झाल्यावर लक्षात येणारी एक गोष्ट आधीच सांगतो. बूटलोडर अनलॉक असला की प्ले इंटिग्रिटीच्या (फोनची सिस्टीम विश्वासार्ह आहे का हे पाहणाऱ्या गूगलच्या सेवेच्या) तपासणीत फोन कमी पडतो, आणि मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ व पुढच्या फोनवर ही तपासणी हार्डवेअरच्या साक्षीवर चालते. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स तिथेच अडू शकतात. हे प्रयोग दुसऱ्या फोनवर करा. ज्या फोनच्या सिमवर तुमचं बँक खातं जोडलेलं आहे, तो फोन यात आणू नका.

२. काय काय लागेल

- संगणक आणि त्यावर प्लॅटफॉर्म टूल्स, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणारी एडीबी आणि फास्टबूट ही साधनं
- डेटा नेणारी यूएसबी केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर फोन दिसतच नाही
- अँड्रॉइडच्या बिल्ड टूल्समधलं एएपीटी; अ‍ॅपच्या फाइलचं पोट उघडून दाखवणारं साधन
- तुमच्या फोनवर आत्ता असलेल्या बिल्डचीच (सिस्टीमच्या नेमक्या आवृत्तीचीच) मूळ बूट इमेज, म्हणजे रूट करताना जी पॅच केली जाते ती फाइल (अँड्रॉइड १३ सोबत बाजारात आलेल्या बहुतेक फोनवर इनिट_बूट इमेज), संगणकावर जपून ठेवलेली
- एपीके (अ‍ॅपची इन्स्टॉल करायची फाइल) किंवा त्याचे स्प्लिट तुकडे
- साधा टेक्स्ट एडिटर, जो ओळीचा शेवट युनिक्स पद्धतीने, म्हणजे एलएफ, जतन करतो

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. पण विंडोजच्या नोटपॅडने सीआरएलएफ, म्हणजे विंडोज पद्धतीचा ओळीचा शेवट, टाकून जतन केलेल्या फाइलमुळे मॉड्यूल चालत नाही, आणि फाइल उघडून पाहिली तर चूक डोळ्यांना दिसत नाही.

३. परतीची वाट आधी तयार ठेवा

यूएसबी डीबगिंग चालू करा, संगणकाला ‘नेहमी परवानगी द्या’ असं उत्तर द्या. फोन अडकल्यावर पडद्यावर परवानगी देता येत नाही, म्हणून हे आत्ताच. फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्या. फोनच्या मॉडेलप्रमाणे सेफ मोडमध्ये जायची बटणं कोणती ते एकदा प्रत्यक्ष करून बघा; त्यात मॅजिस्कची सगळी मॉड्यूल्स बंद होतात, ती नंतर अ‍ॅपमधून पुन्हा चालू करावी लागतात.

४. कुलूप ओळखा

पहिलं कुलूप स्टोअरचं. प्ले स्टोअर आपल्या यादीत तुमचं मॉडेल नाही म्हणून अ‍ॅप दाखवत नाही. अ‍ॅपला स्वतःला काहीच आक्षेप नसतो. एपीके हाताने टाकलं की काम झालं.

दुसरं फीचरचं. पिक्सेलच्या सिस्टीममध्ये छोट्या फाइली असतात, त्या ‘हा २०२१ चा पिक्सेल अनुभव असलेला फोन आहे’ असं जाहीर करतात. अ‍ॅप उघडल्यावर सिस्टीमला विचारतं, असं फीचर आहे का? नाही म्हटलं की अ‍ॅप बंद होतं किंवा त्यातला एखादा पर्याय लपतो.

तिसरं नावाचं. अ‍ॅप थेट निर्माता, ब्रँड, मॉडेल वाचतं.

चौथं लायब्ररी (अ‍ॅपना वापरायला ठेवलेला तयार कोड) आणि परवानग्यांचं. अ‍ॅपला कंपनीची एखादी लायब्ररी सिस्टीममध्ये असावी लागते, किंवा सिस्टीमच्या खास जागी बसल्याशिवाय न मिळणाऱ्या परवानग्या लागतात.

पाचवं हार्डवेअरचं किंवा सर्व्हरचं. इथे रूटचा उपयोग नाही. रेकॉर्डरमधला सारांश डिसेंबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ प्रोवर आला तो फोनच्या आत चालणाऱ्या जेमिनी नॅनो मॉडेलवर. मॉडेलचं नाव बदलून ते मॉडेल तुमच्या चिपवर उतरत नाही. फोटोजच्या जागेची सवलत हाही सर्व्हरवरचा हिशेब आहे. दुसऱ्या फोनचं सोंग घेऊन ती मिळवू नका. ती अ‍ॅपची नाही, सेवेची फसवणूक आहे, आणि पणाला लागतं तुमचं गूगल खातं.

आता तपासायचं कसं? संगणकावर हे चालवा:

एएपीटी डम्प बॅजिंग रेकॉर्डर.एपीके

उत्तर लांबलचक येतं. त्यातल्या चार गोष्टी वाचा. ‘एसडीकेव्हर्जन’ म्हणजे किमान अँड्रॉइड. ही संख्या तुमच्यापेक्षा मोठी असेल तर इथेच थांबा, त्या अ‍ॅपची जुनी आवृत्ती शोधा. ‘नेटिव्ह-कोड’ समोर तुमच्या प्रोसेसरचा प्रकार हवा, बहुतेक फोनवर तो एआरएम६४-व्ही८ए. ‘यूझेस-फीचर’ च्या ओळी फक्त प्ले स्टोअर पाळतं. अँड्रॉइड स्वतः त्यावरून इन्स्टॉल अडवत नाही, त्यामुळे त्या पाहून घाबरू नका. ‘यूझेस-लायब्ररी’ मात्र गंभीर आहे. त्या शब्दानंतर लगेच ‘-नॉट-रिक्वायर्ड’ जोडलेलं असेल तर सोडून द्या, नसेल तर ती लायब्ररी असल्याशिवाय अ‍ॅप बसणारच नाही.

फोनकडे काय आहे ते या दोन आज्ञांनी दिसतं:

एडीबी शेल पीएम लिस्ट फीचर्स

एडीबी शेल पीएम लिस्ट लायब्ररीज

दोन्हींचं उत्तर फाइलमध्ये जतन करून ठेवा. पुढे बदल लागू झाला की नाही, हे जुन्या यादीशी ताडून कळेल.

५. काहीही न बदलता एकदा टाकून बघा

मॉड्यूल बनवण्याआधी साधं इन्स्टॉल करा. एकच फाइल असेल तर एडीबी इन्स्टॉल, तुकडे असतील तर एडीबी इन्स्टॉल-मल्टिपल आणि पुढे सगळ्या तुकड्यांची नावं. बेस तुकडा, प्रोसेसरचा तुकडा आणि पडद्याच्या घनतेचा तुकडा एकाच आवृत्तीचे असायला हवेत.

नकार आला तर शेवटची ओळ वाचा. ती इन्स्टॉल_फेल्ड ने सुरू होते आणि कारण सांगते:

- मिसिंग_शेअर्ड_लायब्ररी: चौथं कुलूप, मुद्दा ८ बघा.
- मिसिंग_स्प्लिट: एखादा तुकडा राहिला.
- नो_मॅचिंग_एबीआयज: प्रोसेसर चुकला.
- अपडेट_इन्कम्पॅटिबल: त्याच नावाचं, वेगळ्या सहीचं अ‍ॅप आधीच आहे, ते काढा.
- डेप्रिकेटेड_एसडीके_व्हर्जन: अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या अ‍ॅपना अडवतात. जुन्या सोनी किंवा एचटीसी अ‍ॅपच्या बाबतीत हे हमखास दिसतं. एडीबी इन्स्टॉल नंतर दोन हायफन देऊन बायपास-लो-टार्गेट-एसडीके-ब्लॉक लिहा.

अ‍ॅप बसलं आणि उघडून चाललं, तर कुलूप फक्त स्टोअरचं होतं. पुढचं काही करू नका.

बसलं पण उघडताच बंद पडतं, किंवा हवा तो पर्याय दिसत नाही, तर एडीबी लॉगकॅट (फोनमधल्या घडामोडींची नोंद, म्हणजे लॉग, दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून अ‍ॅप उघडा. बंद पडण्याच्या क्षणी ‘फेटल एक्सेप्शन’ ही ओळ येते. तिच्याखालच्या दहा-पंधरा ओळींत फीचरचं नाव, परवानगीचं नाव किंवा न सापडलेला क्लास बहुधा असतो.

६. फीचर जाहीर करणारं मॉड्यूल

पिक्सेलच्या अ‍ॅपसाठी आधी हेच करून पाहा. यात फोनची ओळख बदलत नाही, फक्त यादीत एक ओळ वाढते. खऱ्या सिस्टीमवर लिहायचा प्रयत्न करू नका. अँड्रॉइड १० नंतरच्या बहुतेक फोनवर सिस्टीमचं विभाजन (पार्टिशन) लिहिण्यासाठी उघडतच नाही. मॅजिस्क बूटच्या वेळी आपली फाइल वरून बसवतं आणि मूळ सिस्टीम तशीच राहते.

संगणकावर एक फोल्डर करा. त्यात चार फाइली.

पहिली, मॉड्यूल.प्रॉप. तिच्यात सहा ओळी: आयडी, नेम, व्हर्जन, व्हर्जनकोड (यातला ‘कोड’चा सी मोठा), ऑथर, डिस्क्रिप्शन, प्रत्येकीपुढे बरोबरचं चिन्ह आणि किंमत. आयडीमध्ये मोकळी जागा नको आणि सुरुवात अक्षराने हवी. व्हर्जनकोड ही नुसती पूर्ण संख्या, तिथे १.० लिहिलं की चुकलं, १ लिहा.

दुसरी फाइल सिस्टीम/प्रॉडक्ट/ईटीसी/सिसकॉन्फिग या मार्गावर, नाव पिक्सेल_फीचर.एक्सएमएल. आतला मजकूर:

<कॉन्फिग>
<फीचर नेम="कॉम.गूगल.अँड्रॉइड.फीचर.पिक्सेल_२०२१_एक्सपिरियन्स" />
</कॉन्फिग>

पिक्सेल आणि एक्सपिरियन्स हे शब्द मोठ्या अक्षरांत, बाकी सगळं लहान. लॉगमध्ये ज्या वर्षाचं फीचर मागितलेलं दिसलं तेच लिहा. पाच-सहा वर्षांची फीचर्स एकदम टाकली की फोटोजसारखी अ‍ॅप्स तुमच्या फोनवर नसलेल्या यंत्रणा शोधायला लागतात आणि भलताच पर्याय बिघडतो.

तिसरी आणि चौथी फाइल मेटा-आयएनएफ/कॉम/गूगल/अँड्रॉइड या फोल्डरमध्ये (मेटा-आयएनएफ मोठ्या अक्षरांत): अपडेट-बायनरी, म्हणजे मॅजिस्कच्या स्रोतातली मॉड्यूल_इन्स्टॉलर.एसएच फाइल नाव बदलून. आणि अपडेटर-स्क्रिप्ट, जिच्यात # चिन्हाला चिकटून मोठ्या अक्षरांत मॅजिस्क एवढाच एक शब्द.

आता झिप करा, आणि इथे सावध. बाहेरच्या फोल्डरची नाही, आतल्या मजकुराची झिप करायची. झिप उघडल्यावर मॉड्यूल.प्रॉप पहिल्याच पातळीवर दिसली पाहिजे. ‘हे मॅजिस्कचं मॉड्यूल नाही’ अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हीच चूक असते.

झिप न करता फाइली थेट /डेटा/एडीबी/मॉड्यूल्स मध्ये नेऊन ठेवायचा मोह टाळा. त्यांना चुकीचं एसईलिनक्स (अँड्रॉइडची सुरक्षा यंत्रणा) लेबल लागू शकतं, मग फाइल जागेवर असूनही सिस्टीमला ती वाचता येत नाही. मॅजिस्क अ‍ॅपमधून झिप इन्स्टॉल केली की परवानग्या आणि लेबल दोन्ही तोच नीट लावतो.

रीस्टार्ट करा. नुसतं अ‍ॅप बंद करून उघडणं पुरत नाही, कारण फीचरची यादी सिस्टीम फक्त सुरू होताना वाचते. मग पीएम लिस्ट फीचर्स पुन्हा चालवा. नवी ओळ दिसली तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचा डेटा साफ करा आणि उघडा. आधीचा नकार काही अ‍ॅप्स लक्षात ठेवतात. डेटा साफ केल्यावर आतली रेकॉर्डिंग वगैरे जातं, ती आधी बाहेर काढा.

७. मॉडेलचं नाव: फक्त त्या अ‍ॅपपुरतं

फीचर दिसतं पण अ‍ॅप ऐकत नाही, तर ते नाव वाचत असेल. आधी तात्पुरती चाचणी घ्या. रूट शेलमध्ये रीसेटप्रॉप (प्रॉपर्टी बदलणारी मॅजिस्कची आज्ञा) लिहून आरओ.प्रॉडक्ट.मॉडेल आणि पुढे अवतरण चिन्हांत नवं नाव. मॅन्युफॅक्चरर आणि ब्रँडही याच पद्धतीने बदला. त्यानंतर स्टॉप आणि स्टार्ट या दोन आज्ञा एकाच ओळीत, मध्ये अर्धविराम देऊन. पडदा काळा होऊन फोन अर्धवट सुरू झाल्यासारखा दिसेल.

स्टॉप-स्टार्ट का? अ‍ॅप जे मॉडेलचं नाव वाचतं ते झायगोट ही मूळ प्रक्रिया सुरू होतानाच मनाशी धरून ठेवते आणि प्रत्येक अ‍ॅपला तेच देते. रीसेटप्रॉपने किंमत बदलली तरी झायगोट जुनंच सांगत राहतो. ‘रीसेटप्रॉप चालत नाही’ असं म्हणणारे बरेच जण ही पायरी गाळतात. या चाचणीची चांगली बाजू अशी की पूर्ण रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत होतं.

चाचणीत अ‍ॅप चाललं, तरी हे बदल मॉड्यूलच्या सिस्टीम.प्रॉप फाइलमध्ये घालून कायमचे करू नका. शाओमी किंवा सॅमसंगची स्वतःची अ‍ॅप्सही हीच नावं वाचतात. आपण परक्या फोनवर आहोत असं त्यांना वाटलं की कॅमेरा, थीम, सेटिंग्ज कोसळतात. फिंगरप्रिंट (बोटाचा ठसा नव्हे, बिल्डची ओळख), म्हणजे आरओ.बिल्ड.फिंगरप्रिंट, तर मुळीच बदलू नका. अपडेट कोणतं द्यायचं ते त्यावरून ठरतं.

योग्य मार्ग म्हणजे मॅजिस्कमध्ये झायगिस्क (अ‍ॅपच्या प्रक्रियेत शिरू देणारी सोय) चालू करणं आणि एलएसपोज्ड प्रकारच्या, एकेका अ‍ॅपचं वागणं बदलू देणाऱ्या फ्रेमवर्कवर मॉडेल बदलणारं मॉड्यूल टाकून त्याच्या व्याप्तीत फक्त ते एक अ‍ॅप निवडणं. मूळ एलएसपोज्डचं काम जानेवारी २०२४ मध्ये थांबलं, त्यामुळे त्यापुढे चालू असलेली शाखा घ्या. असं मॉड्यूल अ‍ॅपच्या आत शिरून चालतं, म्हणजे त्या अ‍ॅपमधलं सगळं वाचू शकतं. ज्याचा स्रोत उघडा आहे तेच वापरा, आणि व्याप्तीत मेसेज किंवा बँकेचं अ‍ॅप चुकून निवडलेलं नाही ना हे दोनदा बघा.

८. लायब्ररी आणि खास परवानग्या

लायब्ररी हवी असेल तर दोन वस्तू लागतात: तिचा कोड असलेली जार फाइल सिस्टीम/फ्रेमवर्क मध्ये, आणि तिचं नाव व जागा सांगणारी एक्सएमएल फाइल सिस्टीम/ईटीसी/परमिशन्स मध्ये. मॉड्यूलचा साचा वरचाच. जार दुसऱ्या अँड्रॉइड आवृत्तीची असेल तर अ‍ॅप बसेल, पण चालताना पडेल.

परवानग्यांचं प्रकरण जास्त जपून हाताळा. अ‍ॅप प्रिव्ह-अ‍ॅप फोल्डरमध्ये ठेवायचं तर त्याच्या प्रत्येक खास परवानगीची नोंद प्रिव्हअ‍ॅप-परमिशन्स या एक्सएमएल यादीत असावी लागते. अँड्रॉइड ९ पासून ही सक्ती लागू असलेल्या फोनवर एक जरी नोंद राहिली तरी फोन सुरूच होत नाही. अ‍ॅप प्रॉडक्ट विभाजनात ठेवलं तर यादीही प्रॉडक्टमध्येच हवी. एक इकडे आणि एक तिकडे चालत नाही. कोणत्या परवानग्या मागितल्या आहेत ते एएपीटी डम्प परमिशन्स सांगतं. त्यांपैकी एखादी केवळ कंपनीच्या सहीच्या अ‍ॅपलाच मिळणारी असेल, तर यादीत लिहूनही मिळत नाही. अशा अ‍ॅपचा नाद सोडा.

९. फोन लोगोवर थांबला तर

दहा मिनिटं थांबा, नंतर या क्रमाने.

पहिल्यांदा केबल जोडून हे चालवा आणि मगच फोन रीस्टार्ट करा:

एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स

फोन बूटमध्ये थोडासा पुढे गेला की आज्ञा पकडली जाते, सगळी मॉड्यूल्स निघतात आणि फोन पुन्हा सुरू होतो. नाही पकडली, तर सेफ मोड. बऱ्याच फोनवर लोगो दिसताच आवाज कमी करायचं बटण दाबून धरतात.

तेही जमलं नाही तर जपून ठेवलेली मूळ इमेज फास्टबूटने फ्लॅश करा (म्हणजे फोनवर पुन्हा लिहा), जी पॅच केली होती तीच, बूट किंवा इनिट_बूट. फोन रूटशिवाय सुरू होतो, डेटा शाबूत राहतो. पण चुकलेलं मॉड्यूल डेटामध्ये अजून पडलेलं असतं, आणि रूट नसल्यामुळे तिथे हात पोचत नाही. पुन्हा रूट केल्यावर पहिलंच बूट सेफ मोडमध्ये घ्या, मॉड्यूल काढा, मग साधं बूट.

१०. अपडेट आल्यावर

फोनचं सिस्टीम अपडेट घेण्याआधी सगळी मॉड्यूल्स बंद करा, आणि अपडेट झाल्यावर एकेक करून चालू करा. दोन एकदम चालू केली तर कोणतं अडलं ते कळत नाही. नव्या बिल्डची मूळ इमेज लगेच उतरवून जुनीच्या जागी ठेवा, कारण जुन्या बिल्डची इमेज नव्या सिस्टीमवर फ्लॅश केली की वायफाय, आवाज बंद पडतात किंवा फोन सुरूच होत नाही. अ‍ॅपचं अपडेट प्ले स्टोअरकडून आपोआप येऊ देऊ नका. चालत असलेल्या आवृत्तीचे तुकडे संगणकावर ठेवा, आणि नवी आवृत्ती टाकण्याआधी तिच्यावर पुन्हा एएपीटी चालवून ‘यूझेस-लायब्ररी’ची ओळ वाढली आहे का ते बघा.